शेवटची येईपर्यंत चहा नाही

१३ जानेवारी २०२५
ठाकूरद्वार

ताई,

घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहेत. पोस्टमन दारात दिसला की तुला वाईटच सुचतं हे मला माहीत आहे, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकते. साष्टांग नमस्कार वगैरे काही घालत नाही, कारण माझा राग अजून गेलेला नाही. पत्र लिहायचं कारण एवढंच की फोनवर आपण दोघी एकाच वेळी बोलतो आणि मग आधी कोण आपटून ठेवतं त्याची शर्यत लागते. कागदावर तुला मध्ये बोलता येत नाही. तेव्हा आता तोंड मिटून ऐक.

मी पळायला लागलेय. दिवाळीपासून.

हस. पोटभर हसून घे. त्रेपन्न वर्षांची बाई, दिवसभर फॉल-पिकोच्या मशीनवर बसून कंबरेचं पिंप झालेलं, आणि निघाली पळायला! पहिल्या दिवशी मी साडेपाचला दार उघडलं तर हे अंथरुणातून म्हणाले, "दूध संपलंय का?" आई असती तर तिचं ठरलेलंच होतं, "कित्याक धावतंस गो, पाठी कुत्रो लागलो काय?"

बूट श्रेयाचे. तुझ्या लाडक्या भाचीने नवे घेतले आणि जुने मला दिले. पुढे जरा फाटलेत, मी हाताने टाके घातले. तिनेच मला फोनवर एका ग्रुपमध्ये टाकलं. नाव ऐक, 'पहाटेचे पळपुटे'. परळ, दादर, माहीम, गिरगाव, सगळीकडचे लोक आहेत. कोणी कुणाला फारसं भेटत नाही, जो तो आपापल्या गल्लीत पळतो आणि ग्रुपवर फोटो टाकतो. तोही तोंडाचा नाही, बुटांचा. त्यामुळे मला आता कितीतरी बूट ओळखता येतात, माणूस एकही नाही.

नव्या माणसाने आधी आपली ओळख लिहायची असा तिथला नियम. नाव, राहणार कुठे, बूट कुठले आणि का पळता. मी लिहिलं: रंजिता, ठाकूरद्वार, मुलीचे जुने, वजन कमी करायला. लिहिलं आणि फोन उलटा ठेवून दिला, म्हटलं आता ही पोरं हसणार. थोड्या वेळाने बघितलं तर खाली ओळीने उत्तरं. सगळ्यांचं एकच, "ये, थांबलोय." नवा आला की हेच म्हणायची त्यांची पद्धत आहे म्हणे.

थांबलोय. हा शब्द बघून मला काय झालं ते तुला सांगायला नको.

वजनाचं मी खोटं लिहिलं. वजन काय, गेली वीस वर्षं आहे. मी का पळते ते तुला चांगलं ठाऊक आहे. आईचं शेवटचं तोंड मला बघायला मिळालं नाही म्हणून. त्या दिवशी मला पळता आलं असतं तर मिळालं असतं म्हणून.

पत्राचं उत्तर पाठवायची गरज नाही.

रंजू


१० मार्च २०२५
ठाकूरद्वार

ताई,

उत्तर पाठवू नकोस म्हटलं तर खरंच पाठवलं नाहीस. एरवी कधी माझं ऐकलंस?

काल मी त्या पळपुट्यांना पहिल्यांदा प्रत्यक्ष भेटले. महिन्यातून एका रविवारी सगळे एकत्र पळतात, काल शिवाजी पार्कला होतं. मी गेले आणि मान खाली घालून सगळ्यांना ओळखत सुटले. हे केशरी बूट म्हणजे हितेंद्रभाई, आपल्याच गिरगावातले, सत्तरीला टेकलेत. हे काळे, पांढऱ्या नाडीचे, गौतम, ज्याने ग्रुप काढला तो. बँकेत आहे, पण बोलतो शाळेतल्या पीटीच्या मास्तरांसारखा. आणि निळ्या बुटांवर माशाचे खवले चिकटलेले दिसले, म्हटलं ही पूर्वी! शीव कोळीवाड्याची पोर आहे. आईबरोबर पहाटे मासळी उतरवते आणि मग पळायला येते. तिने आणि मी एकाच आठवड्यात ओळख लिहिली होती, त्यामुळे आमचं फोनवर आधीच जमलं होतं. मला बघून म्हणते, "काकू, तुम्ही फोटोपेक्षा उंच आहात." म्हटलं, "अगं, फोटो बुटाचा होता."

पार्काला फेऱ्या मारायच्या होत्या. सगळे भुर्रकन पुढे. मी सगळ्यात मागे, धापा टाकत. माझ्याबरोबर हितेंद्रभाई. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, माझ्यासाठी कशाला रखडता? तर म्हणाले, "आज हूं शेपूट आहे बेन." शेपूट म्हणजे जो सगळ्यात शेवटी राहतो तो. आळीपाळीने एकेक जण होतो. त्याने शेवटच्या माणसाच्या मागेच राहायचं, पुढे जायचंच नाही.

मी कशीबशी पोचले तर बघते काय, चहावाल्याची किटली वाफाळतेय, कप भरून ठेवलेत आणि सगळे जण हाताची घडी घालून उभे. एकानेही कपाला हात लावलेला नाही. शेवटची येईपर्यंत चहा नाही, हाही तिथला नियम. ओळखपाळख नसलेली माणसं गं, घामाने निथळत, चहा समोर ठेवून माझ्यासाठी उभी होती.

मला रडूच फुटलं. त्यांना वाटलं दम लागलाय. पूर्वीने पाणी आणून दिलं.

ताई, तू नाही थांबलीस.

आता तू म्हणशील, पुन्हा तेच. हो, पुन्हा तेच. दीड वर्षापूर्वी अनंत चतुर्दशीला सकाळी नऊला तुझा फोन आला, आई गेली, लगेच नीघ. मी अंगावरच्या साडीत निघाले. टॅक्सीवाला नागपाड्यावरून भायखळ्यापर्यंत आला आणि म्हणाला, पुढे सगळं बंद आहे, उतरा. विसर्जनाचा दिवस, लालबागच्या बाजूला माणसांचा नुसता पूर. मी उतरून पळायला लागले. राणीबागेपर्यंत पळाले आणि छाती भरून आली. चिंचपोकळीच्या पुलाच्या कोपऱ्यावर फुटपाथवर बसले. लोक गुलाल लावून नाचत होते आणि एक बाई मला म्हणाली, "चक्कर आली का? प्रसाद खा." मी उठले, चालले, ढकलाढकली करत लालबागला आपल्या चाळीत पोचले, तर तू दारात फरशी पुसत होतीस. आईच्या जागेवर दिवा लावलेला. शेजारचा उत्तमदादा आणि चाळीतले बाकीचे पुरुष आईला घेऊन केव्हाच गेले होते.

"थांबता आलं नसतं गं रंजू," तू म्हणालीस, "रस्ता बंद झाला असता." एवढंच. फडकं हातात तसंच.

मी म्हटलं, गणपतीच्या मिरवणुकीसाठी आईला घाईघाईने बाहेर काढलंस, पुन्हा तुझ्या उंबऱ्यावर पाय ठेवणार नाही. दिवसकार्याला आले ते गॅलरीत बसून गेले. मी बोलले ते बोलले. मागे घेत नाही.

गुडघ्याला तेल लावतेस ना?

रंजू


७ सप्टेंबर २०२५
ठाकूरद्वार

ताई,

काल अनंत चतुर्दशी झाली. पितृपक्षात तू आईचं पान वाढशील तेव्हा वाढशील, माझ्यापुरता तिचा दिवस कालचाच. सकाळी आमच्या खिडकीखालून ढोल-ताशे चालले होते आणि मला घरात बसवेना. फोन घेतला आणि ग्रुपवर लिहिलं, की माझी ओळख चुकीची आहे, दुरुस्त करते. मग सगळं लिहिलं. फुटपाथ, प्रसाद देणारी बाई, दिवा. तुझं नाव नाही लिहिलं. 'घरचे लोक' असं लिहिलं.

मला वाटलं लोक हात जोडल्याची चित्रं टाकतील आणि मोकळे होतील. तसं नाही झालं. हितेंद्रभाईंनी लिहिलं, माझी पण ओळख खोटी आहे, मी 'तब्येतीसाठी' लिहिलं होतं. बायको गेल्यापासून पहाटे स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत नाही, ते मला सहन होत नाही, म्हणून मी बाहेर पडतो. गौतमने लिहिलं, मी दहावीपर्यंत इतका जाड होतो की पीटीच्या तासाला मला दप्तरं सांभाळायला बसवायचे. पूर्वीने लिहिलं, दिवसात तेवढा एकच तास मला कोणी हाक मारत नाही. दुपारपर्यंत एकेक जण लिहीत होता. खाली ढोल आणि मी खिडकीत बसून वाचतेय, रडतेय, नाक पुसतेय. ह्यांनी मोदकाची ताटली आणून शेजारी ठेवली आणि जाताना दार ओढून घेतलं. शहाणा माणूस आहे तसा.

परवा दादरला फुलगल्लीत तुझ्या शेजारच्या सोनूबाई भेटल्या. मी काही विचारलं नव्हतं, त्याच म्हणाल्या, "तुझी पत्रां ती चष्मो लावन दोन-दोनदा वाचता. आवशीच्या फोटोखाली ठेवता." वाचतेस तर मग दोन ओळी लिहायला हात मोडला का?

दोन ओळी लिहिल्यास तर फाडणार नाही.

रंजू


१२ ऑक्टोबर २०२५
ठाकूरद्वार

ताई,

हे पत्र लिहायला मला आठवडा लागला. मध्ये तीनदा फाडलं.

मागच्या रविवारी आम्ही वरळीला जमलो होतो. पूर्वी पहिल्यांदा दहा किलोमीटर पळणार होती. आदल्या दिवशी तिने फोन केला, "काकू, आईबरोबर मासळी उतरवून येते, जरा मागेपुढे झालं तर थांबाल ना?" त्या दिवशी शिट्टी माझ्याकडे होती, म्हणजे कधी निघायचं ते मी ठरवायचं. म्हटलं, थांबेन. दहादा म्हटलं, थांबेन गं बाई.

तिथे गेलो तर समुद्राच्या रस्त्यावर सायकलींची शर्यत. आम्हाला रस्ता ओलांडून पलीकडे, वरळी कोळीवाड्याच्या बाजूला जायचं होतं. हवालदार म्हणाला, "मॅडम, आत्ता काढा सगळ्यांना, नाहीतर आठपर्यंत इथेच बसा." पूर्वीचा फोन लागेना, भावाच्या बाईकवर असणार. कुणाला ड्युटीवर जायचं होतं. हितेंद्रभाईंचं इन्सुलिन, त्यांचं खाणंपिणं वेळेवर. हवालदार दोरी हातात घेऊन उभा. सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत.

मी शिट्टी वाजवली.

परत आलो तेव्हा पूर्वी दोरीच्या अलीकडे फुटपाथवर बसली होती. बाईक पंक्चर झाली म्हणून माटुंग्यापासून पळत आली होती. मला बघून उठलीसुद्धा नाही. "थांबेन म्हणालात ना?"

आणि मी म्हटलं, "थांबता आलं नसतं गं. रस्ता बंद झाला असता."

ताई, आईशप्पथ सांगते, शब्द माझ्या तोंडातून निघाले पण आवाज तुझा होता. पूर्वी निघून गेली आणि दुपारी ग्रुपमधूनही गेली.

माझी झोप उडाली. बुधवारी मशीन बंद केली आणि शीव कोळीवाड्याला तिच्या घरी गेले. तिची आई सुरमई कापत होती, तिने मला पाटावर बसवलं, पूर्वी आतून बाहेर यायला तयार नाही. शेवटी आली. म्हणते, "काकू, निघालात त्याचा राग नाही. मला पण कळतं रस्ता बंद होतो ते. पण तुम्ही निघताना मागे वळून एकदा तरी बघितलंत का, एवढंच मला कळायला पाहिजे."

"बघितलं गं," मी म्हटलं, "पार वळण येईपर्यंत बघत होते. त्या नादात सायकलवाल्याच्या अंगावर गेले असते."

"मग तेव्हाच सांगायचं ना!"

"तू विचारलं नाहीस."

ती हसली. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघीच दहा किलोमीटर पळलो. शेवटी माझी जीभ बाहेर आली होती, पण पळले. आता ती ग्रुपमध्ये परत आलीय आणि तिने जाहीर केलंय, "यापुढे दोन महिने शेपूट मीच. मागे कोण राहतं ते मी बघते."

त्या दिवशी तुझ्यासमोरही कोणी हवालदार दोरी घेऊन उभा असणार. आणि आई घरात. आणि चाळीतले सगळे तुझ्या तोंडाकडे बघत असणार, कारण ठरवणारी तू एकटीच होतीस. लग्न केलं नाहीस, आईला शेवटपर्यंत सांभाळलंस, आणि ठरवायलाही एकटीच. मी तुला काहीच विचारलं नाही. तू तांब्या पुढे केलास, बस म्हणालीस, तो मी हाताने ढकलला. पाणी तू नुकत्याच पुसलेल्या फरशीवर सांडलं.

राग गेला असं समजू नकोस. अर्धा गेलाय. अर्धा आहे.

रंजू


१४ नोव्हेंबर २०२५
ठाकूरद्वार

ताई,

आता नीट वाच, चष्मा लाव.

आमच्याकडे एक रिवाज आहे. ग्रुपमध्ये वर्ष झालं की एक रविवार त्या माणसाचा. त्याने सांगायची ती वाट, त्याचा तो वेग, आणि चहाही त्याच्याकडे. हितेंद्रभाईंनी बायकोला बघायला गेले होते ती वाट घेतली होती, ठाकूरद्वार ते भुलेश्वर, इतकी छोटी की पळायला लागेपर्यंत संपली.

माझा रविवार २३ तारखेला आहे. मी लालबाग सांगितलंय. सकाळी साडेपाचला ठाकूरद्वारच्या नाक्यावरून निघायचं, नागपाडा, भायखळा, राणीबाग, चिंचपोकळी, आणि आपली चाळ. जी वाट मला त्या दिवशी पळता आली नाही ती.

अठरा जण आहोत. चहा करशील? आलं घाल, वेलची नको. हितेंद्रभाईंचा बिनसाखरेचा वेगळा ठेव. दूध मी पाठवते म्हटलं तर तू चिडशील, म्हणून पाठवत नाही.

दोन वर्षांपूर्वी मी बोलले होते की तुझ्या उंबऱ्यावर पाय ठेवणार नाही. मीच बोलले, मीच मोडते. पण दार उघडं पाहिजे. कुलूप दिसलं तर मला काय ते कळेल. मग मी गॅलरीतूनच मागे फिरेन आणि पुन्हा पत्र टाकून तुला त्रास देणार नाही. हे रागाने लिहीत नाही. खरंच सांगते, मला भीती वाटतेय.

रंजू


२४ नोव्हेंबर २०२५
ठाकूरद्वार

ताई,

कालचा दिवस तुझ्या बाजूने तुला माहीत आहे. आता माझ्या बाजूने ऐक. समोर होतीस तेव्हा सांगणार होते, पण आपण दोघी एकाच वेळी बोलत होतो.

साडेपाचच्या ठोक्याला निघालो. मी पुढे, सगळे माझ्या वेगाने, म्हणजे बैलगाडीच्या. शेवटी पूर्वी. चिंचपोकळीच्या पुलाचा कोपरा आला तेव्हा हितेंद्रभाई हळूच म्हणाले, "बेन, इथे जरा थांबायचंय?" म्हटलं, नाही. तो फुटपाथ मागे गेला आणि मला आपली चाळ दिसली. दम होता माझ्यात अजून! जिना मी पळत चढले गं, दोन मजले.

दाराला कुलूप.

मी कुलपाला हात लावून बघितला, वेड्यासारखा. तेवढ्यात सोनूबाई बाहेर आल्या, हातात आपलं मोठं पातेलं. "शांता फाटेक् उठान गेली. चाय करून माझ्याकडे दिल्यान. इली की गरम करून दी म्हणान सांगान गेली." कुठे गेली? "ता काय बोलूक नाय."

तेव्हा मी मनात तुला काय काय म्हटलं ते लिहीत नाही. चहा केलास, आलं घातलंस, हितेंद्रभाईंचा वेगळा ठेवलास आणि तोंड मात्र लपवलंस! यापेक्षा चहा केला नसतास तर बरं झालं असतं. अठरा माणसं आणलीत मी मिरवत आणि बहीण कुलूप लावून पसार. डोळ्यांतून घळाघळा पाणी. सगळे जण अंगणात इकडेतिकडे बघत उभे. मी खाली उतरले, मागोमाग सोनूबाईंनी पातेलं अंगणात आणून कप भरले.

मी म्हटलं, "प्या रे, निघू या. मला इथे उभं राहवत नाही."

गौतम म्हणाला, "काकू, पूर्वी यायचीय अजून." मग फोन बघून म्हणाला, "तिचा मेसेज आहे. मागे एक बाई आहेत, चालतायत. थांबा म्हणते."

"कोण बाई?" मी तडकले. "आपल्या ग्रुपची आहे का?"

"नाही वाटतं. नाक्यावर मिळाल्या म्हणते. आपण निघालो आणि त्या पोचल्या."

"मग कशाला थांबायचं? कुठल्या कुठली बाई, माझ्याच दिवशी उगवायची होती हिला!" आणि रागाच्या भरात मी कप उचलला.

"काकू," तो पोरगा शांतपणे म्हणाला, "नियम."

ठेवला खाली. काय करते! उभे राहिलो. चहावर साय आली. सोनूबाईंनी सगळा पुन्हा पातेल्यात ओतला, पुन्हा तापवला. हितेंद्रभाईंनी खिशातून बिस्किटं काढली, म्हणाले नियम चहाचा आहे, बिस्किटाचा नाही. ऊन गॅलरीतून खाली उतरलं. कोणी कुरकुर केली नाही. मी एकटीच करत होते, त्या बाईच्या नावाने.

मग चाळीच्या दारातून निळे बूट आत आले. तुला माहीत आहे, मी आता आधी पाय बघते. निळ्या बुटांच्या शेजारी दोन अनवाणी पाय. धुळीने माखलेले. डाव्या पावलावर भाजल्याचा डाग. लहानपणी माझ्यासाठी पेज उतरवताना तुला भाजलं होतं तो.

मान वर करायला मला किती वेळ लागला कोण जाणे. एका हातात तुटकी चप्पल, दुसरा हात पूर्वीच्या खांद्यावर, साडी खोचलेली, तोंड लालबुंद. एकसष्टाव्या वर्षी, त्या गुडघ्यांनी, ठाकूरद्वारपासून लालबाग! आणि तू भरलेल्या कपांकडे बघितलंस, मग माझ्याकडे, आणि म्हणालीस, "थांबलात?"

"थांबलो," मी म्हटलं.

पुढचं मला नीट आठवत नाही. पूर्वी म्हणते आपण दोघींनी मिळून तिचं टी-शर्ट भिजवलं, कारण ती मध्ये अडकली होती.

तिनेच मला नंतर सांगितलं. तिने टॅक्सी थांबवली होती, तू बसली नाहीस. म्हणालीस, "ती त्या दिवसा चलत इली. आज मी चलतंय." आणि पहाटे तू का निघालीस तेही तिला सांगितलंस, मला नाही. की ही वाट रंजूला पुन्हा एकटीने यायला लागू नये.

आणि आईच्या फोटोसमोर तू जे बोललीस ते मी काल रात्रभर घोळवतेय. तू उत्तमदादाला बजावलं होतंस, गाडी वळेपर्यंत आईचं तोंड झाकू नकोस, रंजू येतेय. गाडी हळू हाकायला लावली होतीस. हवालदार ओरडत होता तरी. तू स्वतः गल्लीच्या तोंडापर्यंत मागे चालत गेलीस, मी दिसते का बघत. म्हणजे थांबता येईल तेवढी थांबली होतीस की गं! मी म्हटलं, हे दोन वर्षं का नाही सांगितलंस? तर फणकाऱ्याने म्हणालीस, "तू इचारलंस कधी?"

नाही विचारलं. आता विचारेन. प्रत्येक गोष्ट विचारीन, कंटाळशील.

उरलेला अर्धा राग तुझ्या उंबऱ्यावर राहिला. फरशी पुसताना सापडला तर टाकून दे.

गौतमने तुला ग्रुपमध्ये घेतलंय. ओळख लिहावी लागेल, त्यात सुटका नाही. फोनवर टाइप करायला जमत नसेल तर सोनूबाईंच्या नातीला सांग.

पत्र पाकिटात घालत होते तेवढ्यात फोन वाजला. तुझी ओळख आली. वर फोटो, चपलेचा. इथे उतरवून काढते, फोनचा काही भरवसा नाही, कागद राहतो.

नाव : शांता.
राहणार : लालबाग.
बूट : नाहीत. चप्पल. अंगठा तुटला, पूर्वीने पिन लावून दिली.
का पळता : पळत नाही. चालते. धाकटी पुढे निघून गेली होती.
आणि सोनूने चहात साखर कमी घातली होती, तो दोष माझा नाही.

खाली सगळ्यांनी लिहायला सुरुवात केली आहे. मी तिथे नाही लिहीत. इथे लिहिते, म्हणजे फोटोखाली ठेवता येईल.

ये ताई. थांबलेय.

रंजू